कोंबडी, घार आणि अंगणाचे छप्पर

हिवाळ्यातील एखाद्या सकाळी दिल्लीच्या मयूर विहारात गच्चीवर उभे राहून वर पाहावे. धुके विरळ होऊन ऊन पडू लागले, की एकामागून एक घारी घिरट्या घालीत वर चढताना दिसतात. पश्चिमेस यमुनेचे पात्र व चिल्ला खादरची शेते. पूर्वेस गाझीपूरची मासळी व कोंबड्यांची मंडी आणि तिच्याजवळच १९८४ पासून साचत आलेला कचऱ्याचा डोंगर. या दोहोंच्या मधल्या आकाशाखाली जो कोणी अंगणात चार कोंबड्या पाळील, त्याने ‘येथे घार येईल काय?’ असे विचारण्यात अर्थ नाही. घार आलेलीच आहे. तिच्या नजरेखाली पिले कशी वाढवावयाची, एवढाच प्रश्न उरतो. या पुस्तिकेत त्याचाच विचार करावयाचा आहे.

दिल्लीत इतक्या घारी का?

रशियन पक्षिशास्त्रज्ञ गालुशिन यांनी दिल्लीतील शिकारी पक्ष्यांची गणना करून १९७१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे शहरात दर चौरस किलोमीटरला घारींच्या सरासरी सुमारे १६ जोड्या होत्या. पुढे चाळीसहून अधिक वर्षांनी निशांत कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत ही सरासरी सुमारे १५ घरट्यांची भरली. शहर कितीतरी पटींनी वाढले, तरी घारींची दाटी जवळजवळ तशीच राहिली. जगातील फार थोड्या शहरांत शिकारी पक्ष्यांची इतकी दाट वस्ती आढळते.

याचे कारण अन्न हे होय. उघड्यावरचा कचरा, खाटकांकडील टाकाऊ मांस, आणि जुन्या दिल्लीत पुण्यकर्म म्हणून मांसाचे तुकडे हवेत उडविण्याची प्रथा, यांवर घारींचा निर्वाह चालतो. हिवाळ्यात त्यांच्यात मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्या घारींची भर पडते व गाझीपूरच्या डोंगरावर त्यांचे थवेच्या थवे दिसतात. म्हणजे घार ही मुख्यतः उकिरड्यावर जगणारी आहे. कोंबडीचे पिलू हे तिचे नेहमीचे अन्न नव्हे. ती केवळ अनायासे साधलेली संधी असते. ही गोष्ट ध्यानी ठेवावी, कारण संधीच नाहीशी केली म्हणजे चोरीही थांबते.

चोर कोण, हे आधी ओळखावे

घारीची शेपटी दुभंगलेली असते व पंखांचा विस्तार जवळजवळ दीड मीटर भरतो. तथापि तिचे वजन अर्धा ते एक किलोच्या आतच असते. त्यामुळे दीड किलोची धडधाकट कोंबडी उचलून नेणे तिला शक्य नाही. तिच्यापासून धोका असतो तो पिलांना, विशेषतः पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत. दिल्लीच्या घारी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास अंडी घालतात व पुढे उन्हाळ्यापर्यंत त्यांना आपल्या पिलांना चारावयाचे असते. या काळात कोंबडी अंड्यांवर बसविणाऱ्याने अधिक जागरूक राहावे.

शिकरा हा घारीहून पुष्कळ लहान, कबुतराएवढा पक्षी होय. तो घिरट्या घालीत नाही, तर झाडाच्या पानांआड दबा धरून एकदम झेप घेतो. सरडे, उंदीर, चिमण्या हे त्याचे खाद्य. पण कोवळे पिलू दिसल्यास तेही तो सोडीत नाही. कावळा अंडी व नुकतीच जन्मलेली पिले पळवितो. कोकणात आणि सह्याद्रीच्या झाडीत मोरघार आढळते. ती या सर्वांहून बलवान असल्याने वाढलेल्या कोंबडीवरही झडप घालते.

पण रात्री कोंबडी गेली, तर घारीस दोष देऊ नये. घार व शिकरा दिवसाचे शिकारी आहेत. रात्रीचा चोर बहुधा मांजर किंवा घूस असतो. पहाटे अगर भरदिवसा मुंगूसही हात मारते. चोर चुकीचा ओळखला, की उपायही चुकतो.

कोंबडीचे मूळ घर

आपली पाळीव कोंबडी ही तांबड्या रानकोंबड्याची वंशज आहे. तो पक्षी बांबूच्या बेटांत व झुडपांच्या दाटीत राहतो. चरण्यापुरता तो उघड्यावर येतो आणि चाहूल लागताच झाळीत शिरतो. त्या सवयी अंगणातल्या कोंबडीत आजही जिवंत आहेत. मान तिरकी करून ती एका डोळ्याने आकाश न्याहाळते. कोंबडा वरून येणाऱ्या संकटासाठी एक आणि जमिनीवरून येणाऱ्या संकटासाठी दुसरी, अशा दोन निराळ्या हाका देतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी या हाका ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकविल्या. समोर शत्रू नसतानाही पहिली हाक ऐकताच कोंबड्या आडोशाकडे धावल्या, दबून बसल्या व वर पाहू लागल्या. दुसरी हाक ऐकताच ताठ उभ्या राहून सभोवार पाहू लागल्या.

परंतु सारवलेल्या किंवा फरशीच्या मोकळ्या अंगणात कोंबड्याने कितीही इशारे दिले, तरी कोंबडीने धावावे कोठे? आपण तिला घर दिले, पण तिची झाडी हिरावून घेतली. ती झाडी या ना त्या रूपाने तिला परत देणे, हेच घारीपासून रक्षणाचे मर्म होय.

उपाय

आपल्या खेड्यांतील जुना उपाय आजही खोटा ठरलेला नाही. बांबूच्या कामट्यांचे डालगे पिलांवर पालथे घालावे, वर एक दगड ठेवावा. ‘कोंबड्या डालणे’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. पहिले काही आठवडे पिले आईसह अशी डालून ठेवावीत व कोणी माणूस जवळ असतानाच बाहेर सोडावीत.

कायमच्या सोयीसाठी अंगणाचा एक भाग वरूनही बंदिस्त करावा. प्रत्येक कोंबडीस खुराड्यात सुमारे ४ चौरस फूट व बाहेर फिरण्यास सुमारे १० चौरस फूट जागा असावी. माणसास ताठ उभे राहता येईल इतक्या उंचीवर जाळी ताणावी, म्हणजे झाडलोट टळत नाही. दोन इंची घरांची जाळी घारीस अडविते. कावळ्यासाठी ती एक इंचाहून लहान हवी. घूस व मुंगसासाठी खालच्या बाजूस अर्धा इंची लोखंडी जाळी लावून तिची कड जमिनीत पुरावी. उन्हाळ्यात दिल्लीत धुळीची वादळे होतात, म्हणून जाळी तारेने पक्की बांधावी. तिच्यावर दोडका, घोसाळे वा कारल्याचा वेल चढविल्यास कडक उन्हात सावलीही मिळते.

इतके करणे ज्यास परवडत नाही, त्याने अंगणात दोनतीन ठिकाणी झुडपे लावावीत अथवा खाली शिरता येईल अशी जुनी बाज ठेवावी. कोठूनही चारपाच पावलांत आडोसा गाठता आला पाहिजे. मांसाचे व मासळीचे तुकडे अंगणात टाकू नयेत. ते घारीस दिलेले आमंत्रणच होय. बुजगावण्याचा उपयोग थोडे दिवसच होतो, कारण माणसांत वाढलेली घार त्याला लवकरच ओळखते.

काय करू नये

अंगणावर दोऱ्या ताणावयाच्या असतील, तर त्या जाड व ठळक रंगाच्या असाव्यात. पतंगाचा मांजा कधीही वापरू नये. त्याने पंख कापले गेलेल्या घारी दिल्लीत दरवर्षी जायबंदी होतात. २०१७ साली नायलॉनच्या मांज्यावर बंदी घालण्यात आली, त्यामागे हेही एक कारण होते. विष घातलेले मांस ठेवणे हा तर अपराधच. त्याने कुत्री, मांजरे, कावळेही मरतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घारीस संरक्षण दिले आहे. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली त्या औषधावर बंदी आली, पण गेलेली गिधाडे अजून भरून आलेली नाहीत. शहरातील सडके मांस उचलण्याचे काम आता पुष्कळ अंशी घारच करीत आहे.

जाळीचा दुसरा लाभ

जानेवारी २०२१ मध्ये मयूर विहार फेज ३ मधील एका उद्यानातील मेलेल्या कावळ्यांत आणि जवळच्या संजय सरोवरातील बदकांत ‘बर्ड फ्लू’ या रोगाचे विषाणू असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. सरोवरातील बदके नष्ट करावी लागली व गाझीपूरचा कोंबडीबाजार काही दिवस बंद ठेवण्यात आला. रानटी पक्ष्यांची विष्ठा कोंबड्यांच्या दाण्यापाण्यात पडली, की असा रोग पसरतो. म्हणून दाणापाणी नेहमी पक्क्या छपराखाली ठेवावे व बारीक जाळीने कावळ्यांना दूर राखावे. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास ताबडतोब कळवावे. जे छप्पर पिलाचे घारीपासून रक्षण करते, ते अशा रीतीने घरातील माणसांचेही रक्षण करते.

घारीस आकाश मोकळे असावे आणि कोंबडीस आडोसा असावा, ही निसर्गाचीच व्यवस्था आहे. अंगणातील पिलू गेले, की मुले घारीवर दगड उगारतात. त्यांच्या हाती दगडाऐवजी कामट्या व सुतळी द्यावी आणि एक डालगे विणावयास शिकवावे. पुढच्या खेपेस घार येईल, दोन घिरट्या घालील, आणि यमुनेकडे निघून जाईल.