मुदतपूर्व निवृत्ति आणि गांवचें घर

सन २०००-०१ मध्यें सरकारी बँकांनीं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, तेव्हां वयाचीं ४० वर्षें किंवा नोकरीचीं १५ वर्षें पुरीं झालेल्या सेवकांस ती घेण्याची मुभा होती. नोकरीच्या दर पूर्ण वर्षास ६० दिवसांचा पगार, अथवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांपैकीं जी रक्कम कमी ती पदरांत पडावयाची. सुमारें एक लाख लोक त्या वेळीं बाहेर पडले, आणि त्यांत आमच्यासारखे शेतकऱ्यांच्या घरचे पुष्कळ होते. आपल्या काळ्या रानाकडे परतावें व हातीं आलेल्या रकमेंतून प्रथम घर बांधावें, असा बहुतेकांचा बेत होता. त्यास आतां दोन तपें होऊन गेलीं. पुढें २०२० च्या जानेवारीअखेर भारत संचार निगममधून ७८ हजारांवर लोक याच वाटेनें निघाले. त्यांतले कांहीं गृहस्थ अजून घराविषयीं आमच्याकडे विचारणा करतात, म्हणून हें लिहिणें.

पहिला प्रश्न घराचा नसून व्याजाचा आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १९९९ अखेर शेंकडा १२ व्याज मिळे. २००३ च्या मार्चपासून तें शेंकडा ८ झालें, आणि एप्रिल २०२० पासून ७.१ वर आलें. बँकांच्या ठेवीही त्याच उताराला लागल्या. दहा लाखांवर शेंकडा १२ नें महिना १० हजार येतात, शेंकडा ८ नें ६,६६६. ज्यांनीं पहिल्या आंकड्यावर घराचा नकाशा काढला, त्यांचें जोतें झालें आणि भिंती अर्ध्यावर राहिल्या. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा वरचा मजला सळया उघड्या टाकून उभा आहे. त्यावर आतां तुरीच्या तुऱ्हाट्या रचतात. एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विटा-वाळूंत घालूं नये, असें आमचें मत होतें व आहे. विहिरीचा गाळ काढणें आणि जनावरांचा गोठा हीं कामें घराच्या आधींचीं.

दुसरा प्रश्न जागेचा. सामाईक सातबाऱ्यावर घर बांधणें म्हणजे भावाबहिणींच्या जागेवर आपली भिंत घालणें होय. महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें, व पुढें साऱ्या देशांत २००५ च्या दुरुस्तीनें, वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क जन्मसिद्ध असल्याचा निर्वाळा दिला. आम्हीं बहिणींचे वांटे मोजून वेगळे होईपर्यंत पायाची कुदळ मारली नाहीं. त्यांत एक वर्ष गेलें, भाड्याच्या दोन खोल्यांत दिवस काढावे लागले, आणि गांवांत थोडें हंसूंही झालें. परंतु राखीपौर्णिमेला त्या घराचें दार बहिणींनींच उघडावें, हें आम्हांस एका वर्षाच्या भाड्याहून मोलाचें वाटलें. वांटणी न करितां बांधलेलीं दोन घरें आमच्याच शिवारांत कज्ज्यामुळें कुलुपांत आहेत.

आतां पायाविषयीं जरा विस्तारानें लिहितों, कारण काळ्या जमिनींत घराचें सारें मरण पायांत असतें. ही जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पायावरची भिंत तिच्याबरोबर वरखालीं होते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीं खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी चीर निघते. मुरूम जवळ असेल तर पाया मुरुमापर्यंत न्यावा. गवंडी कांहींही म्हणो, तेथें कसर करूं नये. मुरूम फार खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें रूढ केलेले, खालच्या बाजूस कंदासारखा फुगवटा असणारे काँक्रीटचे खांब घ्यावेत. ते सामान्यतः साडेतीन मीटर खोल जातात, म्हणजे जेथें ओलावा बारमाही सारखा असतो तेथें टेकतात. खांबांवरील तुळईच्या खालीं थोडी पोकळी ठेवावी लागते, नाहीं तर फुगणारी माती तुळईला वर उचलते. घराभोंवतीं फरसबंदीचा पट्टा करावा, आणि पिंपळ-वडासारखें झाड भिंतीपासून दूर असावें. उन्हाळ्यांत त्याचीं मुळें पायाखालची ओल शोषून घेतात.

छपराच्या बाबतींत आमच्या भागाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट विसरतां येत नाहीं. किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं, तीं बहुतेक मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाची जड माती यांच्याखालीं. तेव्हांपासून लोक पत्र्याकडे वळले. पत्रा हलका खरा, पण वैशाखांत त्याखालीं दुपारीं बसवत नाहीं. माळवदाचा गारवा ज्यांनीं अनुभवला त्यांस हें अधिक टोंचतें. आम्हीं जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर व छपराखालीं असे सळईचे तीन पट्टे घेतले, भिंती सिमेंटांत बांधल्या आणि वर कौलें घातलीं. दक्षिणेला व पश्चिमेला रुंद पडवी काढली; म्हातारपणीं खरा मुक्काम पडवींतच असतो.

वस्ती रानांत करावी कीं गांवठाणांत, यावर आमचें व कुटुंबाचें बरेंच दिवस एकमत होईना. रानांत राखण होते हें खरें. पण पावसाळ्यांत काळ्या चिखलांतून रात्रीं दवाखाना गांठणें कसें, हा त्यांचा सवाल होता, व त्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घर सडकेलगत गांवठाणांत झालें. रानांत एक खोली व शेड आहे. २०१५ मध्यें त्यांच्या पायाचें हाड मोडलें, तेव्हां गाडी थेट पडवीपर्यंत आली.

जिने आम्हीं मुळींच केले नाहींत. संडास घराच्या आंत व एकाच पातळीवर घेतला, याबद्दल वडीलधाऱ्यांनीं त्या वेळीं नाकें मुरडलीं होतीं. छपराचें पाणी पन्हळींतून हौदांत घेतलें आहे. शंभर चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० हजार लिटर पाणी उतरतें. उडालेलें व पहिल्या सरीचें सोडून दिलेलें वजा केलें तरी ४० हजारांच्या आसपास हातीं लागतें. हौद त्या मानानें लहान, म्हणून त्याचें तोंड विहिरीच्या वाटेनें काढलें आहे, आणि पन्हळीच्या तोंडाची जाळी मृगापूर्वीं दरसाल साफ करावी लागते.