भांगाची भरती

कोकणातल्या माणसाला भांग म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. अष्टमीच्या सुमारास भरती अशी मरगळून येते, की भरलेला मचवा धक्क्याला लागत नाही. आमच्या खाडीवरचा म्हातारा तांडेल तर पंचांग पाहिल्याशिवाय नांगर उचलीत नसे. अमेरिकेच्या मरीन दलाची हकीकत वाचताना मला तो आठवला.

हे मरीन म्हणजे धड खलाशी नव्हेत, धड पायदळही नव्हे. जहाजातून जायचे आणि शत्रूच्या किनाऱ्यावर उतरून लढायचे, हा त्यांचा पेशा. १७७५ साली उभे राहिलेले हे दल आरमार खात्याखाली असले, तरी चूल वेगळी. तोफा स्वतःच्या, विमानेही स्वतःची. डॉक्टर आणि पाद्री मात्र आरमाराकडून उसने! आचारी असो की कारकून, प्रत्येकाला आधी रायफल चालवता आली पाहिजे, हा तिथला दंडक. आजही त्यांची सुमारे २,२०० जणांची एकेक तुकडी पंधरा दिवसांच्या शिधासामग्रीसह जहाजांवर सज्ज असते.

१९४३ ची दिवाळी सरून तीन आठवडे झाले होते. पॅसिफिकमधल्या तरावा द्वीपसमूहातले बेटिओ हे चिमुकले बेट जपान्यांकडून घ्यायचे होते. बेटाभोवती पोवळ्याचा खडक. त्यावरून जायला होड्यांना सुमारे चार फूट पाणी हवे. तिथे बरीच वर्षे राहिलेले मेजर फ्रँक हॉलंड बजावून सांगत होते, की या दिवसांत तीन फुटांवर पाणी मिळायचे नाही. वरिष्ठांना धोका कळत होता. पण मोहीम पुढे ढकलायची त्यांची तयारी नव्हती. सेनापतींच्या पंचांगात भांग नसतो, दुसरे काय!

२० नोव्हेंबरला सकाळी पहिल्या तीन लाटा, पाण्यात तरंगणाऱ्या आणि जमिनीवर पट्ट्यांनी चालणाऱ्या गाड्यांतून खडक ओलांडून गेल्या. पण अशा गाड्या होत्या अवघ्या १२५. मागच्या होड्या खडकाशीच अडल्या. मग माणसे पाण्यात उतरली आणि कमरभर, छातीभर पाण्यातून, रायफली डोक्यावर धरून, शेकडो यार्ड चालत निघाली. समोरून मशीनगनचा मारा, आणि आडोसा कसलाच नाही.

७६ तासांनी बेट पडले. सुमारे एक हजार अमेरिकन कामी आले. जपान्यांच्या बाजूला कोरियन मजूर धरून जवळजवळ ४,७०० माणसे होती; त्यांतली दीडशेही जिवंत हाती लागली नाहीत.

त्यानंतरच्या मोहिमांत पट्ट्यांच्या गाड्या पुष्कळ वाढल्या. आणि हल्ल्याआधी पोहणारे जवान किनाऱ्याजवळ जाऊन खडक आणि पाण्याची खोली मोजून येऊ लागले.