पिवळे हात, पांढरी गोळी
(रेणूंची अदलाबदल : भाग ७)

सोयाबीन पेरलं की दोन-तीन दिवसांच्या आत चिखली-मेहकरकडच्या वावरांत पेंडीमेथॅलिन या तणनाशकाची फवारणी होते. पंपात औषध ओतताना ते हाताला लागलं, तर पिवळा डाग साबणानेही लवकर निघत नाही. हा रंग त्यातल्या नायट्रो गटांमुळे येतो. मागच्या भागात हा गट बेंझीनच्या कड्यावर कसा चढवतात ते पाहिलं : एक नायट्रोजन, त्याला दोन ऑक्सिजन. आज ते दोन ऑक्सिजन काढून तिथे दोन हायड्रोजन बसवू. नायट्रोचं अमाइन होतं. घरात तापावर घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी याच बदलातून येते.

जुनी रीत लोखंडाच्या किसाची. 1854 साली बेशाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती दाखवली. आम्लात लोखंड नायट्रोबेंझीनचा ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचं ॲनिलिन हे अमाइन होतं, आणि लोखंड स्वतः गंजून संपतं. समीकरणावरून हिशेब केला, तर एक किलो ॲनिलिनमागे सुमारे 1.9 किलो लोहऑक्साइड उरतं. मालापेक्षा गाळ जवळपास दुप्पट!

हायड्रोजन वापरला की हिशेबच बदलतो. 123 ग्रॅम नायट्रोबेंझीन, 6 ग्रॅम हायड्रोजन. हाती 93 ग्रॅम ॲनिलिन आणि 36 ग्रॅम पाणी. नुसते दोन्ही एकत्र ठेवले तर काहीच घडत नाही. उत्प्रेरक म्हणून निकेल हवं, वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन भरतं तेच. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटतो, सुटे अणू नायट्रो गटाला जाऊन भिडतात आणि निकेल पुन्हा मोकळं होतं.

धोका वेगळीकडेच आहे. तेलातला एक दुहेरी बंध भरताना जेवढी उष्णता निघते, तिच्या चौपट इथे एका नायट्रो गटामागे निघते. शिवाय हा बदल एका दमात होत नाही. वाटेत फिनाइलहायड्रॉक्सिलअमाइन तयार होतं. हायड्रोजन कमी पडला किंवा उत्प्रेरक मंदावला की ते साचतं, आणि तापलं तर भडकून फुटतं. म्हणून नायट्रोबेंझीन बेताबेताने सोडायचं आणि भांडं सतत थंड ठेवायचं.

पण हाच अर्धवट टप्पा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला हवा होता. तिथल्या रोडे, वैद्य आणि चौधरी यांनी 1999 मध्ये तो मधेच वळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कोळशावर बसवलेलं प्लॅटिनम आणि सोबत पातळ सल्फ्युरिक आम्ल. आम्लात त्या मधल्या रेणूच्या नायट्रोजनवरचा ऑक्सिजन सुटतो आणि कड्याच्या समोरच्या टोकाला पाण्यातला ऑक्सिजन येऊन बसतो. झालं पॅरा-अमिनोफिनॉल, म्हणजे पॅरासिटामॉलच्या एक पाऊल अलीकडचा पदार्थ. मात्र इथे शर्यत असते. आम्लाने त्या रेणूला वळवण्याआधी प्लॅटिनमने त्याला गाठलं, तर नुसतं ॲनिलिन होतं. मला या कामाचं मोठं कौतुक वाटतं, कारण हायड्रोजनीकरण शेवटपर्यंत नेणं जमतं. ते मधे नेमकं अडवणं फार अवघड.

या गोळीचा कच्चा माल बाहेरून आणावा लागतो हे करोनाकाळात सगळ्यांना बोचलं. 2020 च्या केंद्राच्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत पॅरा-अमिनोफिनॉलचंही नाव होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच्यावर ॲसिटिक अनहायड्राइड ओतून गोळीपर्यंत पोहोचू.