बॅगेत कादंबऱ्या, खिडकीबाहेर जंगल

कादंबरी वाचायची प्रत्येकाची एक ठरलेली जागा असते. कुणाची सकाळची लोकल, कुणाची कंपनीची बस, कुणाची रविवारची दुपार आणि फुल स्पीडवरचा पंखा. पण जागा बदलली की तेच पुस्तक वेगळं वाचलं जातं, असं माझं ठाम मत आहे. पटत नाही? मग जंगलावरची एखादी कादंबरी घ्या आणि थेट जंगलात जाऊन वाचा!

एप्रिल २०२५ मध्ये मी मोहफुलांवरच्या एका स्टोरीसाठी चंद्रपूर-गडचिरोलीत बारा दिवस होते. सकाळी सहा ते दहा काम. मग ऊन असं काही तापायचं की गावातली कुत्रीसुद्धा मीटिंग बरखास्त करून गायब व्हायची. मोबाइलची रेंज म्हणजे नखरेल पाहुणी, आली तर आली. सो, बॅगेत पाच कादंबऱ्या टाकल्या होत्या. पाचही जंगलाशी, आदिवासी भागाशी किंवा विदर्भाशी कुठून तरी नातं सांगणाऱ्या. मॉल, ब्रेकअप आणि स्टार्टअपवाल्या कादंबऱ्या मुद्दाम घरी ठेवल्या.

सुरुवात बल्लारपूरपासूनच झाली म्हणा ना. इथली पेपर मिल १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची. कित्येक वर्षं या पट्ट्यातला बांबू तिथे जायचा आणि कागद होऊन बाहेर पडायचा. शाळेच्या वह्या, ऑफिसचे प्रिंटआउट आणि कदाचित आपल्या आवडत्या कादंबऱ्यासुद्धा! आणि ज्यांच्या रानातला तो बांबू, त्या गावांना तो विकण्याचा अधिकार मिळायला २०११ साल उजाडावं लागलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. मिलिंद बोकील यांनी त्यावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिलंय. ती कादंबरी नाही, म्हणून आजच्या यादीत नाही. पण वाचाच.

पहिली कादंबरी उघडली ती मोहर्लीत. ताडोबाचं हे गेट तुम्हाला नव्यानं सांगायला नको. जिप्सी, भलीमोठी कॅमेरा लेन्स, खाकी टोप्या आणि ‘काल दिसला का?’ हा एकच प्रश्न. पुस्तक होतं कृष्णात खोत यांचं ‘रिंगाण’. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच कादंबरीला मिळाला. गोष्ट तशी कोल्हापूरकडची. धरणासाठी गाव उठवलं जातं, माणसं दुसरीकडे नेऊन टाकली जातात आणि जनावरं मागं जंगलात राहतात. मग एक माणूस आपली म्हैस परत आणायला त्या जुन्या गावाकडे जातो. बस्स, एवढंच. पण ती म्हैस आता म्हैस राहिलेली नाही, रानाची झालीये! माणूस आणि जनावर समोरासमोर येतात तेव्हा मला अक्षरशः श्वास रोखून वाचावं लागलं. भाषा सोपी नाही हं. पहिली तीस-चाळीस पानं दमवतात, कोल्हापुरी कानाला नसेल तर जास्तच. चिकाटी ठेवा.

पुण्यात वाचली असती तर ‘विस्थापनावरची उत्तम कादंबरी’ म्हणून मी ती शेल्फवर ठेवून दिली असती. मोहर्लीत ते जमेना. कारण ज्या जंगलात आपण वाघ बघायला जातो त्याच्या पोटातलीही गावं उठवली गेलीयेत. बोटेझरी, नवेगाव, जामणी... ताडोबा हे नावच मुळी तारू नावाच्या गोंड प्रमुखावरून आलं अशी इथली कथा आहे. वाघाशी झुंजताना तो गेला आणि देव झाला, तलावाकाठी त्याचं स्थान आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. जंगल वाचलं, वाघ वाढले, ही काही छोटी गोष्ट नाही. पण ‘रिंगाण’ वाचून झाल्यावर मी सफारीचं बुकिंग केलं नाही. निषेध वगैरे अजिबात नाही, मूडच गेला. पुस्तकातला माणूस ‘माझं जुनं घर कुठंय’ म्हणून ज्या नजरेनं झाडं बघतो, त्या नजरेनंतर जिप्सीत उभं राहून झाडांमागे पट्टे शोधणं मला तरी शक्य नव्हतं. मी परतल्यावर महिन्याभरातच, मे २०२५ मध्ये, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. बातमी पेपरात आतल्या पानावर होती.

कव्हरवरचा शब्द

चंद्रपूरहून गडचिरोली, तिथून आलापल्ली, मग भामरागडकडे जाणारी लालपरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूला साग. खिडकीशी बसून मी विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ काढली. आता ही काही कालपरवाची कादंबरी नाही. नव्वदच्या दशकातली, ग्रंथालीनं काढलेली. पण या भागात जाताना ती बॅगेत नसणं म्हणजे कोकणात जाऊन समुद्र न बघणं! मनोहर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहिलेले, माडिया लोकांमध्ये वर्षानुवर्षं वावरलेले. (त्यांचं ‘नेगल’ तुमच्यातल्या अनेकांनी शाळेच्या लायब्ररीतून नेलं असेल.) इथे एक माडिया तरुण आहे. वनखातं, पोलीस, ठेकेदार असे सगळे त्याच्या आयुष्यात एकेक करून शिरतात आणि तो बंदुकीपर्यंत कसा पोचतो याची ही गोष्ट.

पंधरावीस पानं झाली असतील. शेजारच्या सीटवरच्या काकांनी कव्हरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “ताई, पुस्तकाले पेपर लावून घ्या.” बस्स. पुढे एक शब्द नाही. मी बॅगेतून दैनिक काढलं आणि शाळेतल्यासारखं कव्हर घातलं.

त्या कव्हरनंतर कादंबरी बदललीच. आपल्याकडे ‘नक्षलवादी’ हा शब्द कॅन्टीनमध्ये, टीव्हीच्या डिबेटमध्ये, भांडणात शिवी म्हणूनही सर्रास वापरला जातो. इथे तो बसमध्ये झाकून ठेवायचा शब्द आहे. रात्री जेवण मागायला येणारे एक, सकाळी चौकशीला येणारे दुसरे. दोघांकडे बंदूक, मधे गाव. १९८० च्या सुमारास दलम इकडे आले. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे जिल्ह्याचं सगळं आयुष्यच या दोन बंदुकांमध्ये गेलं म्हणायचं. मनोहरांची कादंबरी मोठी वाटते ती इथेच. ती कुणाला हीरो करत नाही. ‘तू त्याच्या जागी असतास तर?’ हा सरधोपट प्रश्नही विचारत नाही. एकेक छोटा अपमान शांतपणे मांडत जाते, आणि अपमानांची ही बेरीज कुठे जाणार हे आपल्याला आधीच दिसायला लागतं. मला खटकलं ते एवढंच की मधेमधे लेखक आपल्याला समजावून सांगायला थांबतो, माहिती देतो. तेव्हा वाटतं, अहो, आम्हाला कळलंय, पुढे चला!

आष्टीच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक लागले. एक, दोन, सात... मग मोजणं सोडलं. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून येणारे. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी याच खाणीवर सत्तरहून जास्त वाहनं जाळली होती. धुरळ्यात नाकाला रुमाल लावून मी रणेंद्र यांची ‘ग्लोबल गांव के देवता’ वाचली. हिंदी आहे, छोटीशी आहे, दोन बैठकांत संपते. झारखंडमधले असुर, पिढ्यानपिढ्या लोखंड गाळणारे लोक, आणि त्यांच्या जमिनीखालचं बॉक्साइट. गोष्ट सांगतो तो बाहेरून नोकरीला आलेला शिक्षक. नावं बदला, डोंगर बदला, ट्रक तेच! खरं सांगायचं तर कादंबरी म्हणून ती घाईघाईत वाटते, माणसं पूर्ण उभी राहायच्या आधीच पुढचं संकट येतं. पण त्या रस्त्यावर ती घाई मला पटली. संकटं तिथे रांगेतच येत होती.

नंदा खरे यांची ‘उद्या’ मी मुक्कामाच्या खोलीत रात्री वाचली आणि अर्ध्यावर सोडून दोन दिवसांनी पुन्हा धरली. नागपूरकर इंजिनिअर लेखक, २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाल्यावर ‘आता पुरस्कार घेत नाही’ म्हणून नम्रपणे परत करणारा. २०२२ मध्ये ते गेले. कंपन्यांच्या मुठीतला देश, सतत पाळत, मुलींची घटलेली संख्या... भविष्याची गोष्ट आहे म्हणतात. आपल्या ऑफिसात कार्ड स्वाइप करून टॉयलेटला जाणाऱ्यांना ती भविष्याची वाटणार नाही. फोनला रेंज नसलेल्या गावात मात्र ती उलटी वाचली जाते. इथली मुलं टॉवर कधी येतो याची वाट बघतायत आणि पुस्तक सांगतंय, टॉवर आला की काय काय येतं. दोघांचंही बरोबर आहे, हाच तर घोळ आहे.

“इतका गप्प काऊन राहते?”

आता खरी समीक्षक! मी जिथे राहिले होते तिथे आरोग्य उपकेंद्रातली एक सिस्टर रोज संध्याकाळी चहाला यायची. माडिया, वय चोवीस, नर्सिंग शिकलेली, स्कूटीवर रानातून वीस-वीस किलोमीटर लसीकरणाला जाणारी. तिनं माझी पुस्तकं चाळली. कव्हर घातलेलं आधी उघडलं, नाव बघून हसली आणि रात्री घेऊन गेली. दोन दिवसांनी परत आणलं तेव्हा तिचं म्हणणं असं होतं. “मॅडम, मराठी पुस्तकात आमचा माणूस इतका गप्प काऊन राहते? माडियात तो चूप बसलाच नसता.”

मी यावर रात्रभर विचार केला. तिचं म्हणणं कुठल्या एका पुस्तकाबद्दल नव्हतंच. आपल्या कथा-कादंबऱ्यांतला आदिवासी आठवून बघा. तो बघतो, सहन करतो, ढोल वाजवतो, अचानक भडकतो. पण बडबड? टवाळी? सासूची नक्कल? शेजाऱ्याशी जागेवरून तासभर वाद? फार क्वचित. कारण आपण त्याला आपल्या भाषेत बोलायला लावतो, आणि तिथे तो अडखळतो. मग त्याचं अडखळणं आपल्याला ‘जंगलाचं मौन’ वगैरे वाटतं आणि आपण त्यावर फिदा! सिस्टर स्वतः माडियातून फोनवर बोलायला लागली की थांबायची नाही. मधेच खो-खो हसायची. त्या हसण्याचं मराठी काय करणार?

कादंबरी हा प्रकारच तिच्या फारसा सवयीचा नव्हता. “आमच्याकडं नाटक राहते ना,” ती म्हणाली. शिकायला गडचिरोलीत असताना मैत्रिणींबरोबर तिनं झाडीपट्टीची नाटकं पाहिली होती. दिवाळीनंतर सुरू होतात, वडसा म्हणजे देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव फिरतात, रात्री सुरू झालेला प्रयोग उजाडेपर्यंत चालतो आणि लोक तिकीट काढून येतात! या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे हजाराची आवृत्ती खपायला वर्षं लागतात म्हणून प्रकाशक रडतात, आणि इथे एकेका रात्री मंडप भरतोय. गोष्टीची भूक नाही असं कुणी म्हणूच नये.

भाषेची भूकही आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. त्या बाकांवरचं एखादं पोर मोठं होऊन कादंबरी लिहील तेव्हा त्यातला नायक बहुधा आगाऊ, बडबड्या आणि अतिशय आळशी असेल. मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

माझ्याकडची शेवटची कादंबरी कविता महाजन यांची ‘ब्र’, २००५ ची. मी आधीही वाचली होती. एका संस्थेत काम करणारी बाई आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते, त्यांच्या खुर्च्या, त्यांचे नवरे, त्यांच्यावरचे अविश्वास ठराव बघत जाते. तिथल्या बायका गप्प नाहीत! भांडतात, शिव्या देतात, चक्क ठरावावर अंगठा उठवायला नकार देतात. म्हणून निघताना तीच सिस्टरच्या हातात ठेवली. कविता महाजन २०१८ मध्ये गेल्या. त्यांना ही वाचक आवडली असती, असं आपलं मला वाटतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात ऑफिसच्या डेस्कवर बातमी वाचली. भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. टीव्हीवर शस्त्रांची रांग, हातात संविधानाच्या प्रती, टाळ्या. मनोहरांच्या कादंबरीचं नाव आठवलं आणि वाटलं, जन्माची गोष्ट आपल्याकडे आहे, परत येण्याची कोण लिहिणार? घरी आल्यावर पहिल्या दिवशी आई काय बोलली असेल, आणि कुठल्या भाषेत?

सिस्टरला मेसेज टाकला, बातमी बघितलीस का म्हणून. रेंजमुळे उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. बातमीबद्दल एक अक्षर नाही. ‘नव्वदाव्या पानावर आहे. त्या सरपंचबाईचं पुढं काय होते ते सांगू नका.’