ट्रकचे इंजिन : पुशरॉडचे की वरच्या कॅमचे?

ऊस-कांदा वाहायला जुना ट्रक बघायला गेलात की कुणीतरी हटकून सांगतो, "पुशरॉडचं इंजिन जुन्या जमान्याचं, घेऊ नका." एवढ्यावर सौदा मोडू नये.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे वरचे झाकण काढलेले तुम्ही पाहिले असेल. त्यात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये असतो. त्याचा उंचवटा टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. बंद करायचे काम स्प्रिंगचे. दुसऱ्या पद्धतीत कॅमशाफ्टच हेडवर बसवतात, म्हणजे मधली लांब काडी गेली.

कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. मिनिटाला १५०० फेरे असतील तर प्रत्येक व्हॉल्व्ह ७५० वेळा उघडतो. मोठ्या ट्रकचे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच चालते, आणि तेवढ्याला पुशरॉड सहज पुरतो.

मग कॅम वर नेला कशाला? मुख्य कारण डिझेलच्या फवाऱ्याचे. काही इंजिनांत कॅमच इंजेक्टर दाबतो. तो दाब फार मोठा. लांब काडी त्याखाली किंचित लवते आणि फवाऱ्याची वेळ हुकते. कॅम जवळ आणला की ही अडचण कमी होते. अमेरिकेत डेट्रॉइट डिझेलने १९८७ मध्ये आणलेले सिरीज ६० हे असेच वरच्या कॅमचे. उलट कमिन्सचे ६.७ लिटरचे इंजिन पाहा. त्यात कॉमन रेल आहे, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत, आणि तरीही पुशरॉडच आहे! तेव्हा पुशरॉड म्हणजे जुनाट हे काही खरे नव्हे.

दुरुस्तीत मात्र फरक पडतो. पुशरॉडच्या इंजिनाचे हेड उतरवले तरी टायमिंगचे गिअर जागेवर राहतात. वरच्या कॅमच्या इंजिनात ते पुन्हा खुणेला खूण लावून जुळवावे लागतात. दात चुकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. असे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

पुशरॉडवाल्यांनी घाटात जपावे. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये उतारावर सुटली की चाकेच इंजिनाला फिरवतात. गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो, त्याला हा वेग आवरत नाही. वेग हद्दीबाहेर गेला की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर मिटवता येत नाही, आणि पुशरॉड वाकतात. वरच्या कॅमलाही हा धोका आहेच, पण त्याचे हलते वजन कमी. उतार लागण्याआधीच गाडी हळू करून गिअर धरावा आणि फेऱ्यांचा काटा लाल पट्टीत जाऊ देऊ नये.

टॅपेटची फट बहुतेक ट्रक इंजिनांत तपासावी लागते, कॅम वर असो की खाली. फट जास्त झाली तर टिकटिक ऐकू येते, माणूस सावध होतो. कमी झाली तर आवाजच येत नाही. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते, व्हॉल्व्ह जळतो. म्हणून गाडी फार गुपचूप चालते याचेच कौतुक करू नका. फट फिलर गेजने, त्या इंजिनाच्या पुस्तकातल्या मापाने लावतात. इनलेट आणि एक्झॉस्टची मापे बहुधा वेगळी असतात.

गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.