चुलवाणातला हिशेब: हेसचा नियम

• जर्मेन हेस (जन्म जिनिव्हा, १८०२) यांनी १८४० मध्ये मांडला. ऊर्जा-अक्षय्यता सर्वमान्य होण्याआधीच. स्थिर दाबाखाली अभिक्रियेची उष्णता सुरुवात आणि शेवट यांवरच ठरते, मधल्या टप्प्यांवर नाही.

• कारण: एका वाटेने जाऊन दुसरीने परतताना हिशेब वेगळा पडला असता, तर फुकटात ऊर्जा निर्माण झाली असती.

• कोल्हापुरी गुऱ्हाळात काहिलीखाली वाळली चिपाडं जळतात. त्यांतला कार्बन भरपूर हवेत थेट कार्बन डायऑक्साइड होतो. शुद्ध कार्बनसाठी (ग्रॅफाइट, १२ ग्रॅम) ३९३.५ किलोजूल. हवा कमी पडली, तर आधी कार्बन मोनॉक्साइड: ११०.५, तो जळून आणखी २८३. बेरीज तीच. मोनॉक्साइड धुराड्यातून तसाच निसटला, तर मात्र ते २८३ गेलेच, शेवटच वेगळा.

• उत्प्रेरकाने वेग बदलतो, उष्णता नाही.

• साखर जाळा किंवा पचवा, शेवट तोच: ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी.