आजोबांचीं हाडें

घरांतील वडीलधाऱ्या पुरुषानें साठी ओलांडली कीं, त्याच्या हातची बादली काढून घ्यावी, बाजाराची पिशवी नातवानें उचलावी, आणि "आतां स्वस्थ बसा" म्हणून त्यास आरामखुर्चींत बसवावें, ही आपल्याकडील प्रेमळ रीत आहे. तींतील आदर आम्हांस मान्य आहे. परंतु ही रीत हाडांस हितकर नाहीं, असें आम्हांस नम्रपणें सुचवावयाचें आहे.

हाड म्हणजे भिंतींतील दगड नव्हे. तें सजीव आहे. कांहीं पेशी जुनें हाड झिजवितात व दुसऱ्या नवें बांधतात. अशा रीतीनें प्रौढ मनुष्याच्या सांगाड्याचा सुमारें दहावा भाग दरवर्षीं नवा होतो. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणें घडतें, असें जूलियस वोल्फ ह्या जर्मन शस्त्रवैद्यानें इ. स. १८९२ मध्यें प्रतिपादिलें. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचें हाड दुसऱ्याहून जाड होतें. उलट, अंतराळांत शरीराचा भारच नाहींसा झाल्यामुळें अंतराळवीरांच्या कमरेच्या व पायांच्या हाडांची घनता दरमहा शेंकडा १ किंवा अधिक घटूं शकते. आरामखुर्चीहि, अल्प प्रमाणांत कां होईना, तेंच करिते.

हाडें ठिसूळ होणें हा केवळ स्त्रियांचा विकार, हा समज चुकीचा आहे. पुरुषांस तो उशिरां गांठतो खरा. परंतु खुब्याचें हाड मोडल्यावर वर्षाच्या आंत मृत्यु येण्याचें प्रमाण पुरुषांतच अधिक असतें.

मग करावें काय? चालणें चांगलें, पण तेवढ्यानें भागत नाहीं. जिना चढावा, हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून पुनःपुन्हां उठावें, बेताचें वजन उचलावें, आणि भिंतीजवळ एका पायावर उभें राहून तोल सांभाळावयास शिकावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ६५ वर्षांवरील माणसांस तोल व ताकद वाढविणारा व्यायाम आठवड्यांतून निदान तीन दिवस सांगितला आहे. पूर्वीं हाड मोडलेल्यांनीं किंवा पाठीस बाक आलेल्यांनीं मात्र आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जेवणांत दूध व नाचणी असावी. तंबाखू व मद्य वर्ज्य करावें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हाडांची भरती तिशीच्या आंतच पुरी व्हावयाची आहे; म्हणून मैदान चुकवूं नका. आणि बाजारांतून येतांना आजोबांची पिशवी हिसकावून घेऊं नका. ओझ्याचे दोन भाग करा, हलका त्यांच्या हातीं द्या, व त्यांच्या पावलानें बरोबर चाला.